रोहूची किडनी सुजली तर कोणतं औषध द्यावं? आणि किडनीचा रोगप्रतिकारशक्तीशी काय संबंध?

मासा चिरून कण्याला चिकटलेला काळपट लाल पट्टा दिसतो, तीच किडनी भाऊ. पण ती सुजली म्हणजे लघवीचा आजार, हे औषध विकणाऱ्यांचं गणित. शेततळ्यात चार मासे उलटे झाले की आपल्याकडे आधी पाण्यात अँटिबायोटिकचं पाकीट पडतं, तपासणी मग. याच्यावर मी वाद घालून थकलो.

माशाच्या हाडात रक्त तयार करणारी मज्जा नसते, लसिकाग्रंथीही (जंतूंशी लढणाऱ्या पेशींच्या गाठी) नसतात. ते काम किडनी करते. डोक्यामागच्या भागात, म्हणजे हेड किडनीत, मोठ्या माशात गाळणाऱ्या नळ्या जवळपास उरत नाहीत. तिथे रक्ताच्या तांबड्या पेशी बनतात, आणि जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशीही: न्यूट्रोफिल, जंतू गिळणाऱ्या मॅक्रोफेज आणि प्रतिपिंडं बनवणाऱ्या बी पेशी. टी पेशी, म्हणजे पांढऱ्या पेशींचा आणखी एक प्रकार, मात्र थायमस नावाच्या ग्रंथीत तयार होतात. मागच्या भागात नळ्या आहेत, पण त्यांच्यामधली जागा याच पेशींनी भरलेली असते. अमोनिया बहुतेक कल्ल्यांतूनच जातो. गोड्या पाण्यातल्या माशाची किडनी मुख्यतः अंगात शिरलेलं जादा पाणी बाहेर काढते. रक्तातले जिवाणू इथल्या मॅक्रोफेजमध्ये अडकतात, म्हणून एरोमोनास या जिवाणूचा संसर्ग झाला की किडनी फुगते.

ताणाचं संप्रेरक, म्हणजे कॉर्टिसॉल, सोडणाऱ्या पेशीही याच हेड किडनीत, रोगप्रतिकारक पेशींच्या शेजारी बसलेल्या असतात. मे महिन्यात भर दुपारी जाळं ओढा, मासे टबात कोंबा. कॉर्टिसॉल चढतं, रक्तातल्या लिम्फोसाइट (बी आणि टी पेशी) उतरतात, आणि काही दिवसांनी अंगावर लाल चट्टे दिसायला लागतात. मग दोष मत्स्यबीजाचा, म्हणजे विकत आणलेल्या पिल्लांचा! जाळं पहाटेच ओढा, हे आपले मासेमारी करणारे ढिवर लोक उगाच सांगत नाहीत.

औषधाचं नाव तपासणीशिवाय सांगणार नाही. मेलेला मासा तर नेऊच नका. उन्हात किडनी लवकर सडते आणि आतड्यातले जिवाणू तिच्यात शिरतात. अहवालात तेच येतात. आजारी पण जिवंत मासा तळ्याच्याच पाण्यात, ऑक्सिजन भरलेल्या पिशवीतून नागपूरच्या मत्स्य विज्ञान महाविद्यालयात न्या. नमुना तिथेच काढू द्या: बाहेरून ७० टक्के अल्कोहोल, आतडं न फोडता बाजूला, मग वाताशय (पोटातली हवेची पिशवी) सोलून निर्जंतुक लूप, म्हणजे नमुना घ्यायची तारेची कडी, थेट किडनीत. रोहूचं वाताशय दोन कप्प्यांचं असतं आणि दोन्हींच्या मधल्या खाचेत किडनी सगळ्यात रुंद सापडते. पेशी पाहायच्या तर ५ मिलिमीटरपेक्षा जाड नाही असा तुकडा, त्याच्या दहापट १० टक्के बफर्ड फॉर्मेलिनमध्ये (पेशी टिकवणारं द्रावण). फ्रीजरमध्ये गोठवला की पेशी फुटल्या, स्लाइड वाया.

सूक्ष्मदर्शकाखाली तपकिरी-काळे पुंजके दिसले तर घाबरू नका. ते मेलॅनोमॅक्रोफेज, म्हणजे काळा रंग असलेले मॅक्रोफेज, मेलेल्या पेशी आणि त्यातलं लोह गिळून बसलेले. वय, उपासमार आणि घाण पाणी, तिन्हींनी ते वाढतात.

हो, सूज परजीवींमुळेही येते, तिथे अँटिबायोटिक काहीच करत नाही. आणि हे सगळं हाडांचा सांगाडा असलेल्या माशांबद्दल. शार्कची गोष्ट निराळी.