पहिला सर्फबोर्ड घरी करताय? पॉलिएस्टरचा तो डबा आधी बाजूला ठेवा

तुमच्याकडे मधोमध लाकडी पट्टी बसवलेला ईपीएसचा ब्लँक, म्हणजे बोर्ड कोरून काढायचा फोमचा ठोकळा आहे, होडीच्या दुरुस्तीतून उरलेलं पॉलिएस्टर रेझिन आहे, आणि त्यातून 5 फूट 10 इंचांचा पातळ शॉर्टबोर्ड करायचाय. सुरुवात कुठून करू, असं तुम्ही विचारलंय. सुरुवात त्या डब्यापासूनच करा: तो उघडू नका. ईपीएस म्हणजे थर्मोकोलच, फक्त जास्त घनतेचा. पॉलिएस्टर रेझिनमधलं स्टायरीन त्याला विरघळवतं. फोमवर काचेच्या धाग्यांचं कापड अंथरून रेझिन ओतलं की काही मिनिटांत खालचा फोम बसायला लागतो, आणि मग काहीही वाचवता येत नाही. ईपीएसवर फक्त इपॉक्सी रेझिन. पॉलिएस्टर चालतं ते पॉलीयुरेथेन फोमवर; त्यावर इपॉक्सीही चालतं.

दुसरी विनंती आकाराबद्दल. पहिल्याच वेळी पातळ शॉर्टबोर्ड नको. त्यात फोम इतका कमी असतो की एखादी चूक काढायला गेलात तर बोर्डच हातातून जातो. ब्लँकची लांबी पुरत असेल तर 7 फूट लांब, साडेएकवीस इंच रुंद, पावणेतीन इंच जाड असा गोल शेपटीचा, एकाच फिनचा, म्हणजे तळाला एकच पर असलेला बोर्ड करा. कुठे दोन-तीन मिलिमीटर जास्त निघाले तरी तो लाटेवर चालेल, आणि तुम्हाला दुसरा करावासा वाटेल.

जागा कशीही असो, प्रकाशाची सोय मात्र नीट करा. खोली अंधारी करायची आणि बोर्डच्या दोन्ही बाजूंना, बोर्डच्या उंचीच्या जरा वर, आडव्या ट्यूबलाइट लावायच्या. वरचा दिवा बंद. तिरपा प्रकाश पृष्ठभागावरून घसरत गेला की प्रत्येक उंचवट्याची सावली पडते. छतावरच्या दिव्याखाली जो फोम सपाट दिसतो, तोच या प्रकाशात नांगरलेल्या शेतासारखा दिसतो. भिंतींना गडद रंग असेल तर फारच उत्तम.

साचा अर्ध्या बोर्डचा करा. पातळ प्लायवर किंवा हार्डबोर्डवर एकच बाजू काढायची, मधल्या लाकडी पट्टीला टेकवून आखायची, मग साचा उलटून दुसरी बाजू. दोन्ही बाजू सारख्या येण्याचा याहून सोपा मार्ग नाही. रेघेच्या बाहेर चार-पाच मिलिमीटर ठेवून करवतीने कापा आणि पॉलिश पेपर लावलेल्या लांब ठोकळ्याने रेघेपर्यंत या. कड गुण्याने सतत तपासा, ती तळाशी काटकोनातच हवी. इथे कड तिरपी राहिली तर पुढे दोन्ही रेल, म्हणजे बोर्डच्या बाजूच्या गोल कडा, सारखे करणं जवळपास अशक्य होतं.

जाडी आधी तळाकडून उतरवा. इलेक्ट्रिक रंधा एक मिलिमीटरवर ठेवा आणि नाकापासून शेपटीपर्यंत न थांबता चाला. मध्येच थांबलात की तिथे खळगा पडलाच. पात्याला धार नसेल तर ईपीएसचे मणी कापले न जाता उपटून येतात, म्हणून नवं पातं घाला. तळ सपाटच ठेवा. शेपटीकडे किंचित उतार दिलात तर हरकत नाही, पण खोलगट नक्षीच्या नादी या वेळी लागू नका. ब्लँकला जो रॉकर आहे, म्हणजे नाक आणि शेपटीची उचल, तोही तसाच राहू द्या.

एक गोष्ट कुणी आधी सांगत नाही. मधली पट्टी लाकडाची, बाजूचा फोम मऊ. दोन्ही एकदम घासलेत तर फोम पटापट खाली जातो आणि पट्टी कण्यासारखी वर राहते. पट्टीसाठी हातात मावणारा छोटा, धारदार रंधा वेगळा ठेवा, कागदासारखी साल निघेल इतकंच पातं बाहेर काढा आणि पट्टी फोमच्या पातळीला आणून मगच घासा.

आता रेल. नवखा माणूस इथे कडेला पॉलिश पेपर लावून गोल करत सुटतो आणि एक बाजू जाड, एक बारीक होते. तसं करू नका. गोलाई सपाट पट्ट्यांनी करायची असते. कडेच्या उभ्या भागावर तळापासून साधारण एक तृतीयांश उंचीवर रेघ मारा. वर डेकवर, म्हणजे ज्यावर उभं राहतात त्या बाजूवर, काठापासून दोन इंच आत दुसरी रेघ. या दोन रेघांमधला कोपरा सरळ उडवा, एकच सपाट उतार राहील असा. दुसऱ्या बाजूला तितकेच हात मारा, हो, मोजून. मग उताराच्या वर आणि खाली जे दोन कोपरे उरतात ते पुन्हा तसेच सपाट उडवा. प्रकाशात या पट्ट्यांच्या कडा रेघांसारख्या स्पष्ट दिसतात: रेघ सलग वळत गेली तर रेल बरोबर, वाकडी झाली तर नेमकी तिथेच चूक. सगळं जुळल्यावर जाळीचा पॉलिश पेपर रेलवरून आडवा, बूट पुसल्यासारखा ओढा. पट्ट्या एकमेकींत मिसळून जातात. शेवटी डोळे मिटून दोन्ही पंजे दोन्ही रेलवर एकाच वेळी फिरवा.

शेपटीकडे तळाची कड पाण्यापासून चटकन सुटायला धारदार हवी असते. पण फोममध्ये ती धार ठेवू नका, कारण काचेचं कापड धारेवर बसत नाही, उचललं जातं आणि खाली हवा राहते. आत्ता ती कड पेन्सिलच्या गोलाईइतकी मऊ करा. खरी धार नंतर, वरच्या थराच्या वेळी, कडेला टेपचा बांध घालून रेझिनचीच उभी करायची.

बहुतेक पहिले बोर्ड बिघडतात ते ग्लासिंगला, म्हणजे फोमवर काचेचं कापड रेझिनने बसवताना. माझाही तिथेच बिघडला होता. डेकच्या दोन्ही थरांचं रेझिन एकदम कालवून मी ते बादलीतच ठेवलं आणि नाकाकडची घडी सारखी करत बसलो. खोलगट भांड्यात इपॉक्सीची स्वतःचीच उष्णता साठते, आणि उष्णतेने ते आणखी वेगाने घट्ट होतं. मी वळलो तेव्हा बादली हाताला चटका देत होती, वाफ निघत होती, आणि डेकचा अर्धा भाग कोरडा होता. त्या अर्ध्या भागाचं कापड फाडून काढताना खालचा फोमही निघाला. म्हणून सांगतो, रेझिन नीट ढवळून झालं की लगेच बोर्डवर किंवा पसरट ताटात ओता. बादलीत एक मिनिटही ठेवू नका.

प्रमाण डब्यावर लिहिलंय तेच. इपॉक्सीत हार्डनर जास्त घातलं म्हणून ते लवकर सुकत नाही. कायमचं चिकट राहतं. डब्यावरचं प्रमाण वजनाचं आहे की आकारमानाचं, तेही वाचा, दोन्ही आकडे वेगळे असतात. किती लागेल याचा हिशोब सोपा आहे: कापडाच्या वजनाइतकं रेझिन, वर थोडं वाया जाण्यासाठी. 6 औंसाचं कापड चौरस मीटरला साधारण 200 ग्रॅम, 4 औंसाचं 135. तळाला 6 औंसाचा एक थर म्हणजे सुमारे दीड चौरस मीटर, 300 ग्रॅम कापड. 400 ग्रॅम रेझिन पुरे. डेकला 6 आणि 4 असे दोन थर, तिथे 600 ग्रॅम धरा आणि ते दोनदा कालवा.

त्याआधी फोम बुजवा. मण्यांमधल्या फटी रेझिन पितात आणि बोर्ड जड होतो. पाण्यात कालवलेली हलकी पुट्टी पातळ ओढून, पूर्ण वाळवून, हलक्या हाताने घासली की झालं.

वेळ निवडताना पारा उतरता असावा. सकाळी सुरू केलंत आणि खोली तापत गेली तर फोममधली हवा फुगते, ओल्या रेझिनमधून बुडबुडे वर येतात. दुपार कलल्यावर घेतलंत तर हवा आकसते आणि रेझिन उलट आत ओढलं जातं.

आधी तळ. कापड रेलवरून खाली वळून डेकवर दोन इंच येईल इतकं ठेवून कापा. नाक आणि शेपटीला कात्रीने इंग्रजी व्ही आकाराचे काप द्या, नाहीतर तिथे चुण्या पडतात. रेझिन मधोमध ओतून स्क्वीजीने, म्हणजे लवचीक पट्टीच्या ओढणीने, कडांकडे न्या, मग लोंबणारं कापड भिजवून खाली वळवा. स्क्वीजीवर जोर नको. पांढरे ठिपके दिसले तर कापड कोरडं आहे. कापड तरंगतंय, वर चकाकणारं तळं साचलंय, तर रेझिन जास्त आहे, ते ओढून काढा. विणकाम स्पष्ट दिसतंय आणि पृष्ठभाग एकसारखा ओलसर आहे, तिथे हात थांबवा. तळ कडक झाला की वळलेल्या कापडाची कड घासून सपाट करा, बोर्ड उलटा आणि डेक घ्या.

विणकाम भरणारा वरचा थर, खालचं रेझिन नखाने किंचित दबेल इतकं ओलं असतानाच द्यायचा. दोन्ही थर एकजीव होतात. ती वेळ हुकली तर पूर्ण सुकू द्या, पाण्याने धुवून वर आलेला मेणचट थर काढा, घासा आणि मग द्या. फिनचा खाचा त्यानंतर, मधल्या पट्टीच्या रेघेवर. लीशचा, म्हणजे बोर्ड पायाला बांधायच्या दोरीचा, प्लग डेकवर शेपटीजवळ, पट्टीच्या जरा बाजूला. घासताना 80, 120, 220 असं चढत जा. विणकामाची नक्षी दिसू लागली की थांबा, तुम्ही कापडापर्यंत आलात. कापड कापलं गेलं तर ताकद गेली. पाण्यात नेण्याआधी आठवडाभर राहू द्या.

हातमोजे नायट्राइलचे, रेझिनच्या वेळी वाफेसाठीच्या फिल्टरचा मास्क, घासताना धुळीचा. यात सवलत नाही. इपॉक्सीची अ‍ॅलर्जी हळूहळू साठत जाते आणि एकदा जडली की पुन्हा इपॉक्सीला हात लावता येत नाही. अंगावर पडलं तर साबण-पाणी लावा. अ‍ॅसिटोनने पुसू नका, त्याने ते कातडीत आणखी मुरतं.

हे सगळं बोर्डवर करण्याआधी कापून उरलेल्या फोमचा हातभर तुकडा घ्या. त्याला एक रेल काढा, पुट्टी लावा, कापड वळवा, वरचा थर द्या, घासा. कडक झाल्यावर एका कोपऱ्यातून कापड पक्कडीने उपटा. कापडाला फोमचे मणी चिकटून आले तर बोर्डला हात घाला. स्वच्छ सुटून आलं तर पुट्टी जाड झाली होती किंवा रेझिन कमी पडलं होतं. मग दुसरा तुकडा घ्या आणि काय निघालं ते मला सांगा.