अमेरिकेत गावाकडच्या ख्रिस्ती रेडिओला जाहिराती नसतात, मग पैसे कुठून येतात? ही हायटेक भीकच नाही का?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की मुलाकडे डेन्व्हरला जाताना कॅन्ससमध्ये दोन तास रेडिओवर नुसते पैसे मागत होते. "भीक" हा शब्द वाचला आणि राहवलं नाही, म्हणून लिहितेय.

मी फिजिओथेरपिस्ट. नैऋत्य कॅन्ससमध्ये लोकांच्या घरी जाऊन व्यायाम करून घेते. रोजचं दीडशे मैल गाडी चालवणं होतं, त्यात निम्म्या रस्त्यावर मोबाईलला रेंज नसते. म्हणजे सोबतीला रेडिओच. इथे तो लावला की गाणी, प्रवचन, गव्हाचा भाव, वादळाचा इशारा असं सगळं एकाच स्टेशनवर मिळतं.

आधी तुमच्या प्रश्नाचं उत्तर देऊन टाकते. अमेरिकेत एफएमवर ८८ ते ९२ हा पट्टा बिगरव्यापारी स्टेशनांसाठी राखीव आहे. असा परवाना असला की जाहिरात करता येत नाही, फक्त देणगीदाराचा उल्लेख चालतो. "अमुक दुकान, ट्रॅक्टरचे भाग मिळतात" इतकं म्हणता येतं. "आजच या, २० टक्के सूट" म्हणता येत नाही. मग उरतात ऐकणारे. त्यांच्याकडून वर्षातून एकदोनदा जे मागतात त्याला शेअरेथॉन म्हणतात. तुम्ही नेमके त्यात सापडलात. खर्च म्हणाल तर मोजकी माणसं, एक मोठा टॉवर आणि लांबच्या गावांसाठी २५० वॅटपर्यंतचे छोटे ट्रान्सलेटर, म्हणजे त्याच स्टेशनचा आवाज पुढे पोचवणारे प्रक्षेपक. मीड नावाचं गाव आहे, वस्ती दोन हजारही नाही. तिथून १९९२ पासून केजेआयएल हे १ लाख वॅटचं स्टेशन चालतंय, श्रोत्यांच्या पैशावर.

आता भीक.

माझे एक पेशंट होते, गुडघा बदललेले आजोबा, गाईवासरांचे मालक. त्यांच्याकडे फ्रिजवर रेडिओ, आणि त्याच्या बटणावर चिकटपट्टी लावलेली, म्हणजे नातवंडांनी स्टेशन हलवू नये. पट्टी माझ्याच बॅगेतून मागून घेतलेली. मी त्यांना टाच सरकवायला लावत होते, गुडघा काही केल्या ९० अंशाच्या पुढे वाकेना. रेडिओवर शेअरेथॉन चालू होतं: अमक्या गावच्या एक आजी, २० डॉलर. तमक्या गावचं एक कुटुंब, महिना ३० डॉलर. आडनाव नाही, फक्त गाव. सातव्या वेळी आजोबा थांबले आणि म्हणाले, तो फोन दे जरा. मला वाटलं दुखतंय, डॉक्टरला लावतायत. त्यांनी लावला स्टेशनला, आणि एका वासराचे पैसे लिहून दिले.

दर वर्षी एक वासरू रेडिओचं असतं म्हणे. वसंतातच ठरवून ठेवायचं, शरदात बाजारात विकलं की त्याचे पैसे तिकडे. मी विचारलं, कधी चुकलं नाही? म्हणाले, २०१७ ला चुकलं. त्या मार्चमधला स्टारबक वणवा तुम्ही ऐकला नसेल. शेजारच्या क्लार्क परगण्याचा बहुतेक भाग जळाला, हजारो गुरं गेली, नंतर मिशिगन-ओहायोहून लोक ट्रक भरभरून गवत घेऊन आले. आजोबा म्हणाले, "त्या वर्षी रेडिओचं वासरूही जळालं. मग २० डॉलर दिले." आजी स्वयंपाकघरातून कुरकुरल्या, की देणगीबद्दल रेडिओने दिलेला गेल्या वर्षीचा फुकटचा कप अजून खोक्यातच आहे, त्यापेक्षा मागचं दार बदला.

याला भीक म्हणायचं असेल तर आपली वर्गणी काय? आपण पावतीपुस्तक घेऊन दारोदार फिरलेली माणसं. कीर्तनात आरतीचं ताट आपल्यासमोर येतं तेव्हा कोणी भीक म्हणत नाही.

हे मी एवढ्या तावातावाने लिहितेय त्याला कारण आहे. काही वर्षांपूर्वी मी आणि दोघी मैत्रिणी एका मंडळातर्फे दर रविवारी तासभर मराठी कार्यक्रम इंटरनेटवर करायचो. खर्च महिना ९० डॉलरच्या आसपास. मी म्हटलं, ऐकणाऱ्यांकडे महिना पाच डॉलर मागू, वीस जण दिले तरी भागतं. कार्यकारिणीत एकदम शांतता. मग एक काका म्हणाले, "बरं दिसतं का ते? आपली शिकलेली माणसं." त्यापेक्षा प्रायोजक घेऊ. आले एक घरं विकणारे गृहस्थ. आधी फक्त नाव घ्यायचं होतं. मग दर आठवड्याला दहा मिनिटं व्याजदरावर त्यांचं बोलणं. मग मी कर्ज थकून घर जाणाऱ्यांवर एका वकीलबाईंना बोलावलं, तर निरोप आला की तो विषय नको. नागपूरहून आत्या ऐकायची. तिने फोनवर विचारलं, "काय गं, तुम्ही हल्ली घरंच विकता का?" आठ महिन्यांत कार्यक्रम बंद. आणि त्याच काकांनी पुढच्या गणपतीला माझ्याकडे १०१ डॉलरची पावती फाडली, तेव्हा मात्र बरं दिसलं!

माझं म्हणणं साधं आहे. पैसे देणारा ऐकणारा असेल तर स्टेशन त्याचं ऐकतं, पैसे देणारा दुकानदार असेल तर दुकानदाराचं.

आता हेही सांगते, नाहीतर म्हणाल बाई बाटली. मी ख्रिस्ती नाही, व्हायची नाही, आणि काही प्रवचनं सुरू झाली की मी सरळ रेडिओ बंद करते. सगळी स्टेशनं अशी सरळ नसतात. काही जण प्रवचनकारांना वेळ विकतात, म्हणजे "श्रोत्यांच्या आधारावर" हे अर्धंच खरं. कॅलिफोर्नियाच्या फॅमिली रेडिओचे हॅरॉल्ड कॅम्पिंग यांनी २१ मे २०११ ला जगाचा निवाडा होणार म्हणून जाहीर केलं, देशभर फलक लावले, लोकांनी त्यापायी साठवलेले पैसे ओतले. मग तारीख ऑक्टोबरवर ढकलली. तिथे तुमचा शब्द चालेल, नव्हे, कमीच पडेल. आणि के-लव्हसारखं ख्रिस्ती रेडिओचं देशव्यापी जाळं शेकडो ठिकाणी एकच कार्यक्रम वाजवतं. त्यांना आमच्या गावची गारपीट काय कळणार? गावातली छोटी स्टेशनं अशा मोठ्यांना विकली जातात ते मला अजिबात पटत नाही. तुम्हाला संशय असेल तर संस्थेचा ९९० नावाचा फॉर्म बघा, त्यात जमाखर्च आणि वरच्या लोकांचे पगार असतात. चर्च म्हणून नोंद असेल तर मात्र तो भरावा लागत नाही.

आपल्याकडे असं का नाही, हे तुम्ही शेवटी विचारलंय. भारतात धार्मिक संस्थेशी जोडलेल्या कंपनीला खाजगी एफएमचा परवानाच मिळत नाही, आणि ते बरंच आहे असं माझं मत. पण धर्म बाजूला ठेवूनही गावचा रेडिओ होतोच की. आमच्या माण तालुक्यात म्हसवडला २००८ पासून माणदेशी तरंग ९०.४ वर चालू आहे. तिथे माझी आई बायकांचा कार्यक्रम लागला की दळण थांबवते.

मी इथल्या स्टेशनला वर्षाला २५ डॉलर देते, आणि कशासाठी या रकान्यात "हवामान" लिहिते. नवरा म्हणतो, धर्मांतराला पैसे देतेस. मग मी विचारते, परवा गारा पडायच्या आत तुझी नवी गाडी शेडमध्ये घ्यायला कोणी सांगितलं? तो जेवायला काय आहे ते विचारतो.