शीरखुर्म्याचा डबा आणि लेकीची फिल्म

प्रश्न : माझी मुलगी उपयोजित कलेच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्टसाठी तिला छोटी अ‍ॅनिमेशन फिल्म करायची आहे आणि विषय आमच्याच घरातला आहे. समोरच्या मुस्लिम शेजाऱ्यांकडून दर ईदला शीरखुर्मा यायचा. सासूबाई तो हसून घ्यायच्या आणि दार लावलं की मोरीत ओतायच्या. मग डबा घासून, त्यात साखर घालून परत पाठवायच्या. लेक हे लहानपणापासून बघत आली. सासूबाईंनी दंगल पाहिलेली आहे, त्यांचं दुखणं मला कळतं. पण फिल्ममुळे घराची बदनामी होईल, पुढे नोकरीतही आड येईल, अशी भीती वाटते. तिला कसं समजावू?
– एक आई, भायखळा

उत्तर : ताई, तिला थांबवू नका. तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा त्या साखरेपाशी अडखळले. डबा रिकामा परत करायचा नाही, हे आपल्याकडे पोरीबाळींना कुणी मुद्दाम शिकवत नाही, बघून बघून येतं. आतला शीरखुर्मा ओतून द्यायचा, हेही तुमच्या लेकीपर्यंत तसंच आलं. फिल्म इथेच आहे.

बरीच मुलं असा विषय घेतली की लाल आणि निळे पक्षी काढतात, ते भांडतात, शेवटी एका झाडावर बसतात. बघणारा मान डोलावतो आणि घरी जातो. तिने तसं करू नये. मोरी, डबा, ईदची सकाळ, सगळं जसं होतं तसं काढावं. आजींचा सुरकुतलेला हात डबा उचलतो आणि त्याच हालचालीत तो सात वर्षांच्या मुलीचा हात होतो, हे अ‍ॅनिमेशनमध्ये न तोडता एका शॉटमध्ये दाखवता येतं. चेहरे दाखवायची गरजच नाही, त्यामुळे बदनामीची तुमची भीतीही बरीच कमी होईल.

पण चित्रं काढण्याआधी तिने आजींजवळ बसावं. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये या शहरातल्या दंगलीत सुमारे ९०० माणसं गेली, त्या दिवसांची भीती खोटी नाही. तरी एक विचारावं: शीरखुर्मा ओतायची सवय त्या आधीची की नंतरची? आधीची असेल, तर आजींनी ती कुणाला करताना पाहिली? आणि समोरच्या घरातही जावं. त्या बाईंना इतकी वर्षं कळत होतं का, हे फक्त त्याच सांगू शकतील.

लांबी तीन मिनिटांच्या वर नको. सेकंदाला १२ चित्रं धरली तरी तीन मिनिटांना २१६० होतात. एकटीने करायचं तर कटआउट पद्धत बरी, म्हणजे दर वेळी नवं चित्र न काढता हात, डबा असे सुटे भाग हलवायचे. क्रिता आणि ब्लेंडर ही सॉफ्टवेअर फुकट मिळतात. आधी आवाज रेकॉर्ड करून, स्टोरीबोर्डची, म्हणजे प्रसंगांची क्रमाने काढलेली कच्ची चित्रं त्यावर बसवून अ‍ॅनिमॅटिक करावं. गोष्ट तिथे उभी राहिली नाही तर पुढची मेहनत वाया जाते.

आता नोकरी. पहिली नोकरी बहुधा जाहिरातीत, गेममध्ये किंवा मुलांच्या मालिकेत लागेल, आणि तिथे हा विषय कुणी विचारणार नाही. शोरील, म्हणजे निवडक कामाची छोटी फिल्म, बघताना विचारतात ते एवढंच, यातलं तुझं काम कोणतं? इथे सगळंच तिचं असेल. पुढे शिकायचं असेल तर पवईच्या आयआयटीत अ‍ॅनिमेशनचं एम. डेस., म्हणजे डिझाइनची पदव्युत्तर पदवी आहे, त्यासाठी सीडची प्रवेश परीक्षा द्यावी लागते. पोर्टफोलिओत ही फिल्म कामाला येईल. मुंबईतच मिफ्फ हा माहितीपट, लघुपट आणि अ‍ॅनिमेशनचा महोत्सव भरतो, तिथेही पाठवता येईल.

मात्र अ‍ॅनिमॅटिक तयार झालं की ते आधी आजींना दाखवायचं, कॉलेजला नंतर. त्या रागावतील, कदाचित उठून जातील. तेव्हा लेकीला एकटं सोडू नका, तुम्हीही तिथेच बसा. आणि माझा आवाज यात नको, असं त्या म्हणाल्या तर तो काढून टाकायचा, त्यावर वाद घालायचा नाही. स्टीलच्या डब्यात साखर पडतानाचा आवाज तेवढा राहू द्या.