नव्या फोनची वाट बघताना

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचताना मजा आली. फोन बाजारात यायला अजून अवकाश आहे, पण त्याचा प्रोसेसर, पडद्याची ब्राइटनेस, कॅमेऱ्याचा सेन्सर, सगळं तुला आत्ताच तोंडपाठ. रात्री झोपताना त्याची शेवटची बातमी वाचायची आणि सकाळी डोळे उघडल्यावर पुन्हा तीच शोधायची. हे सगळं भरभरून लिहिलंस आणि अगदी खाली हळूच विचारलंस, एका फोनसाठी इतकं वेडं व्हावं का?

खुशाल व्हावं. माझी इतकी वर्षं फोन उघडून दुरुस्त करण्यात गेली, तरी एखादं नवं मॉडेल पहिल्यांदा उघडायचं असलं की आजही माझे हात शिवशिवतात. तळहाताएवढ्या जागेत काय काय बसवलेलं असतं हे ज्याने पाहिलंय, तो तुझी ओढ हसण्यावारी नेणार नाही. २००७ साली पहिला आयफोन आला तेव्हा त्याचा पडदा साडेतीन इंचाचा होता, कॅमेरा २ मेगापिक्सेलचा, आणि त्याने व्हिडिओ काढता येत नव्हता. साधं कॉपी-पेस्ट यायला २००९ उजाडलं. हे सगळं ज्या लिथियम-आयन बॅटरीवर चालतं ती १९९१ साली बाजारात आली, आणि तिचा पाया घालणाऱ्या जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना २०१९ साली रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. इतक्या लोकांच्या इतक्या वर्षांच्या मेहनतीची वस्तू हातात येणार म्हणून तुझा जीव वरखाली होत असेल, तर त्यात लाजण्यासारखं काहीच नाही.

माझं एकच मागणं आहे. फोन येईपर्यंतचा हा काळ हातातल्या फोनचा अभ्यास करण्यात घालव. येणाऱ्या फोनबद्दल तुला जे माहीत आहे ते सगळं दुसऱ्यांनी सांगितलेलं आहे. त्यातलं निम्मं कंपनीचं आणि उरलेलं अफवांचं. तुझ्या जुन्या फोनबद्दल मात्र तुझ्याइतकं कुणालाच कळत नाही, आणि ते नीट मांडलंस तर नव्यात काय शोधायचं ते आपोआप समोर येईल.

एक वही कर. दिवसभरात फोनपाशी घोडं कुठे अडलं तेवढंच त्यात लिही. ‘फोन स्लो झालाय’ असं लिहू नकोस, त्यातून काही कळत नाही. ‘मॅप उघडला, चॅट बघून परत आले तर मॅप पुन्हा पहिल्यापासून लोड झाला’ असं लिही. ही रॅम, म्हणजे उघडी ॲप धरून ठेवणारी मेमरी, कमी पडल्याची खूण. ‘व्हिडिओ काढायला गेले तर जागा संपली म्हणाला.’ ही स्टोरेजची. ‘उन्हात पडद्यावरचं अक्षर दिसेना.’ ही ब्राइटनेसची. ‘वीस टक्के चार्ज दाखवत होता आणि एकदम बंद पडला.’ ही बॅटरीची. तक्रारी चार आणि दुखणी चार वेगवेगळ्या जागची. त्यातल्या दोन तर फोन न बदलताही सुटतात.

बॅटरीचं जरा सविस्तर सांगते, कारण माझ्या टेबलावर सगळ्यात जास्त गैरसमज तिच्याबद्दलच येतात. लोक फोन आणून देतात आणि म्हणतात, याचा आता प्रोसेसर जुना झाला, नवाच घ्यायला हवा. मागचं झाकण गरम करून उचलायचं, आतला डिंक सैल करायचा, थकलेली बॅटरी काढून नवी बसवायची. बस्स. फोन सुरू झाला की मालक दोन-तीन ॲप उघडून बघतो आणि चकित होतो. त्यामागचं कारण असं. लिथियम-आयन बॅटरी जुनी होते तशी तिची साठवण घटतेच, पण तिचा अंतर्गत रोधही वाढतो. प्रोसेसरने एकदम जास्त वीज मागितली की तिचं व्होल्टेज झपकन खाली येतं आणि फोन बंद पडतो. तो बंद पडू नये म्हणून सॉफ्टवेअर प्रोसेसरलाच आवरून धरू शकतं. जुन्या बॅटरीच्या आयफोनमध्ये आपण असं करत असल्याचं ॲपलने डिसेंबर २०१७मध्ये मान्य केलं, आणि पुढच्या वर्षी कमी किमतीत बॅटरी बदलून दिल्या. तेव्हा आज रात्री सेटिंगमधलं बॅटरीचं पान उघड. बॅटरीची क्षमता किती टक्के उरली आहे ते तुझ्या फोनमध्ये दिसत असेल तर बघ. ऐंशीच्या खाली असेल, तर तुझ्या वहीतल्या बऱ्याच तक्रारी या एका आकड्याच्या असू शकतात.

हे वाचून ‘म्हणजे मावशी नवा फोन घेऊ नको म्हणतेय’ असं समजू नकोस. बॅटरी बदलूनही नवा फोन हवासा वाटला तर जरूर घे, हौसेला मोल नसतं. पण मग तू त्याच्याकडे जुन्याला कंटाळून जाणार नाहीस, तो आवडला म्हणून जाशील. या दोन्हींतला फरक पुढे दोन-तीन वर्षं रोज जाणवतो.

आता कॅमेरा. तुझ्या पत्राचा निम्मा भाग त्याच्यावरच होता, आणि २०० मेगापिक्सेलचा आकडा तू दोनदा लिहिलास. त्या आकड्याचं काम कसं चालतं ते समजून घे. अशा सेन्सरमध्ये एकेक पिक्सेल, म्हणजे प्रकाश टिपणारा ठिपका, इतका बारीक असतो की कमी प्रकाशात त्याच्या वाट्याला फारसं काही येत नाही. म्हणून फोन शेजारचे सोळा पिक्सेल एकत्र करून त्यांचा एक बनवतो, आणि तुझ्या हातात पडतो साडेबारा मेगापिक्सेलचा फोटो. ही फसवणूक मुळीच नाही, फार हुशारीची युक्ती आहे. पण फोटोचा कस ठरतो तो सेन्सरचं क्षेत्रफळ, लेन्स आणि फोटो शिजवणारं सॉफ्टवेअर यांवर. सेन्सरचं माप वाचतानाही जपून. ‘१ इंची’ म्हटलेल्या सेन्सरचा कर्ण प्रत्यक्षात साधारण १६ मिलिमीटरच असतो, कारण हे माप जुन्या कॅमेऱ्यांतल्या काचेच्या नळ्यांच्या बाहेरच्या व्यासावरून चालत आलंय. तरीही १/१.३ इंचापेक्षा १ इंची मोठाच, त्यामुळे तुलनेला ते माप उपयोगी पडतं.

यापेक्षा कामाची गोष्ट तुझ्या गॅलरीत आहे. गेल्या वर्षभरातले तुला खरोखर आवडलेले फोटो निवड आणि प्रत्येकाचा तपशील उघड. कोणत्या लेन्सने काढला, शटर किती वेळ उघडं होतं, आयएसओ, म्हणजे प्रकाशाची संवेदनशीलता, किती होती, हे बहुतेक फोनमध्ये तिथेच लिहिलेलं असतं. जवळजवळ सगळे मुख्य लेन्सने काढलेले निघाले, तर दूरचं जवळ आणणाऱ्या लेन्ससाठी जास्तीचे पैसे घालण्याआधी थांब. झूम करून काढलेले आणि चिरडल्यासारखे आलेले बरेच असतील, तर तीच लेन्स तुला हवी आहे. घरात, दिव्याच्या उजेडात, हलणाऱ्या माणसांचे फोटो पुसट येत असतील, तर रात्रीच्या इमारतींचे जाहिरातीतले नमुने बघून काही ठरवू नकोस. इमारत हलत नाही. अनेक फ्रेम एकावर एक रचून काळोखात उजेड आणणारी नाइट मोडची जादू स्थिर वस्तूंवर छान चालते, पळणाऱ्या मुलावर तितकी नाही. परीक्षण वाचताना किंवा बघताना असा हलत्या माणसाचा, घरातल्या प्रकाशातला नमुना मुद्दाम शोध. तो दाखवणारे थोडे असतात, पण असतात.

प्रोसेसरबद्दल फार लिहीत नाही. बेंचमार्कचा, म्हणजे वेग मोजणाऱ्या चाचणीचा, आकडा पहिल्या काही मिनिटांचा असतो. फोन तापल्यावर त्यातला किती टिकतो ते बघ. पडद्याचं विचारलं होतंस: ६० हर्ट्झवर दर १६.७ मिलिसेकंदांनी चित्र बदलतं, १२०वर ८.३. स्क्रोल करताना हा फरक तुला पहिल्याच दिवशी कळेल आणि नंतर ६०वर परत जाणं जड जाईल. आयपी६८, म्हणजे धूळ-पाण्यापासून संरक्षणाची श्रेणी, लिहिलेली असली तरी फोन पोहायला नेऊ नकोस. ती चाचणी गोड्या, स्थिर पाण्यातली असते आणि सीलचा डिंक काळानुसार सैल पडतो.

एका गोष्टीवर तुझं पत्र अगदी गप्प होतं, आणि मला तीच सगळ्यात महत्त्वाची वाटते: अपडेट किती वर्षं मिळणार? ऑक्टोबर २०२३मध्ये गूगलने आपल्या पिक्सेल ८ या फोनला सात वर्षांच्या अपडेटचं वचन दिलं, जानेवारी २०२४मध्ये सॅमसंगने गॅलेक्सी एस२४ला तेच दिलं. पण सगळ्या कंपन्या सारख्या नाहीत, आणि एकाच कंपनीचे स्वस्त-महाग फोनही सारखे नसतात. शिवाय ही वर्षं साधारणपणे फोन बाजारात आल्यापासून मोजतात, तू विकत घेतल्यापासून नाही. दीड वर्ष जुनं मॉडेल सवलतीत घेतलंस तर ते दीड वर्ष आधीच वजा झालेलं असतं. युरोपीय संघात २० जून २०२५पासून नियमच आला आहे: बॅटरीने ८०० चार्ज-चक्रांनंतरही (एक चक्र म्हणजे एकदा पूर्ण चार्जइतका वापर) निदान ८० टक्के क्षमता राखली पाहिजे, आणि मॉडेलची विक्री थांबल्यावरही निदान सात वर्षं सुटे भाग आणि पाच वर्षं अपडेट मिळाले पाहिजेत. तिथे विकल्या जाणाऱ्या फोनवर बॅटरीची चक्रं आणि दुरुस्तीची श्रेणी सांगणारं लेबलही असतं. तू कुठेही राहत असलीस तरी तेच मॉडेल तिथे विकलं जात असेल तर ते लेबल शोधून वाच. जाहिरातीत जे सापडत नाही ते तिथे सापडतं.

पहिल्याच दिवशी घ्यायचा हट्ट मात्र सोड. मला माहीत आहे, हे ऐकायला तुला सगळ्यात जड जाणार. ऑगस्ट २०१६मध्ये सॅमसंगचा गॅलेक्सी नोट ७ आला तेव्हा त्याचं कौतुकच कौतुक झालं होतं. सप्टेंबरमध्ये तो परत मागवला गेला, ऑक्टोबरमध्ये त्याचं उत्पादनच बंद झालं, कारण बॅटऱ्या पेट घेत होत्या. इतकं टोकाचं क्वचितच होतं. पण पडद्याचा रंग, तापणं, कॅमेऱ्याचं सॉफ्टवेअर यांतल्या लहानसहान खोडी पहिल्या काही आठवड्यांतच उघड होतात आणि त्यातल्या बऱ्याच एक-दोन अपडेटमध्ये सुटतात. तेवढं थांबलीस तर तुझ्या वहीत चार ओळींची भरच पडेल.

फोन आल्यावर जुन्यातलं नव्यात न्यायचं काम घाईत करू नकोस. फोटो आणि नंबर सहज येतात. अडतं ते दोन टप्प्यांच्या लॉगिनचे कोड देणाऱ्या ॲपशी, चॅटच्या बॅकअपशी आणि ई-सिमशी (फोनमध्येच असलेल्या, कार्ड नसलेल्या सिमशी). जुना फोन हातात आणि चालू असताना ही तिन्ही कामं उरक, आणि प्रत्येक खात्यात नव्या फोनवरून एकदा लॉगिन करून बघ. पहिले काही दिवस बॅटरी भराभर उतरेल. फोन तेव्हा मागच्या मागे तुझे सगळे फोटो चाळत असतो, ॲप उतरवून घेत असतो. आठवडा होईपर्यंत बॅटरीला नावं ठेवू नकोस.

जुना फोन लगेच देऊन टाकू नकोस, काही आठवडे जवळ असू दे. काहीतरी राहिलेलं हमखास आठवतं. मग कुणाला द्यायचा असेल तर आधी त्यातून तुझं खातं काढ आणि नंतरच फॅक्टरी रीसेट कर. उलट क्रमाने केलंस तर चोरीविरोधी कुलूप फोनवर तसंच राहू शकतं आणि पुढच्या माणसाच्या हातात नुसती पाटी पडते. असे कुलूपबंद फोन माझ्याकडे येतात, आणि मूळ मालक सापडल्याशिवाय मला काहीच करता येत नाही. देण्याआधी बॅटरी बदललीस तर घेणाऱ्याला तो खरोखर वापरता येईल. स्वतःकडेच ठेवणार असशील तर निम्मा चार्ज करून बंद कर आणि सहा महिन्यांनी पुन्हा निम्म्यावर आण. मागचं झाकण फुगल्यासारखं दिसलं तर दाबू नकोस, चार्जिंगला लावू नकोस, माझ्याकडे घेऊन ये.

वही आजच सुरू कर. पंधरा दिवसांनी तिची पानं मला पाठव, मॉडेलचं आपण तेव्हा बोलू.

तुझी,
मावशी