चुकीच्या निदानामुळे वडिलांचे आठ महिने गेले, डॉक्टरवर केस करता येईल का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुम्ही निपाणीचे. वडिलांना खोकला लागला, वजन उतरत गेलं. गडहिंग्लजकडच्या एका खासगी डॉक्टरांनी छातीचा एक्स-रे बघून टीबी ठरवला आणि आठ महिने गोळ्या चालल्या. गुण येईना म्हणून मिरजेला नेलं, तिथं फुफ्फुसाचा कॅन्सर निघाला. केस होते का, आणि करायची तर बेळगावात की कोल्हापुरात, हे तुम्हाला हवंय.

मी वकील नाही. खानापूर तालुक्यातल्या आमच्या घरची अशीच एक केस साडेतीन वर्षं चालवली, त्यातून जे कळलं ते सांगतो.

थोरल्या वहिनीच्या पोटात दुखायला लागलं. गावातल्या डॉक्टरांनी ॲसिडिटी म्हणून चार दिवस इंजेक्शनं दिली, ताप चढला तरी सोनोग्राफी करा म्हणाले नाहीत. पाचव्या दिवशी बेळगावला नेलं तेव्हा अपेंडिक्स फुटून पू पोटभर झाला होता. वाचली, पण एकवीस दिवस दवाखान्यात होती. आम्ही रागारागानं वकिलाकडे गेलो. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "चिठ्ठ्या कुठं आहेत?" चार दिवसांच्या दोनच चिठ्ठ्या होत्या, आणि एकीवर तारीखच नव्हती.

तुमच्याही बाबतीत गाडी इथूनच सुरू होते. निदान चुकलं एवढ्यावर डॉक्टर दोषी ठरत नाही. सुप्रीम कोर्टानं 2005 साली जेकब मॅथ्यू खटल्यात सांगितलं ते असं: सर्वसाधारण कौशल्याच्या डॉक्टरनं त्या परिस्थितीत जे केलं असतं ते यानं केलं का, एवढंच बघायचं. म्हणजे टीबी नव्हता हा मुद्दा नाही. टीबी आहे म्हणायच्या आधी बेडका तपासला का, हा मुद्दा आहे. नुसत्या एक्स-रेवर टीबी आणि कॅन्सर एकमेकांसारखे दिसू शकतात, म्हणून तर थुंकीची तपासणी असते. टीबीचा नेहमीचा कोर्स सहा महिन्यांचा. तो संपूनही वजन उतरतच होतं, तेव्हा डॉक्टरांनी सीटी स्कॅन किंवा छातीच्या डॉक्टरकडे पाठवणं केलं का? तक्रार याच दोन प्रश्नांवर उभी करा. "आमच्या वडिलांचं वाटोळं केलं" हे वाक्य मनातलं आहे, पण ही तक्रार जिथं चालते त्या ग्राहक आयोगापुढे त्याला वजन नाही.

एक गोष्ट बऱ्याच वकिलांच्याही ध्यानात येत नाही. टीबीचा रुग्ण सापडला की खासगी डॉक्टरनेही सरकारला कळवणं 2012 पासून बंधनकारक आहे, आणि ती नोंद निक्षय पोर्टलवर, म्हणजे टीबी रुग्णांच्या सरकारी वेबसाइटवर होते. निदान थुंकीच्या तपासणीवर झालं की नुसत्या अंदाजावर, हेही तिथं लिहावं लागतं. वडिलांच्या नावाची नोंद आहे का, ते जिल्हा क्षयरोग केंद्रात विचारा. नोंद असेल तर डॉक्टरांनी कशावरून टीबी म्हटलं ते त्यांच्याच हातचं मिळेल. नसेल तर तेही तुमच्याच बाजूनं बोलतं.

दुसरी अडचण जास्त अवघड आहे आणि ती आधीच सांगितलेली बरी. हलगर्जीपणा सिद्ध झाला तरी त्यामुळेच नुकसान झालं हे वेगळं दाखवावं लागतं. समोरचा वकील म्हणणारच, "आठ महिन्यांपूर्वी कळलं असतं तरी आजार हाच होता." म्हणून मिरजेच्या डॉक्टरांकडून लेखी घ्या: आज कॅन्सर कोणत्या टप्प्यावर आहे, आणि पहिल्या एक्स-रेच्या वेळी कोणता असण्याची शक्यता होती. डॉक्टर दुसऱ्या डॉक्टरविरुद्ध लिहायला काचकूच करतात, मान्य. पण त्यांना कुणाचा दोष लिहायला सांगायचं नाही, फक्त आजाराचा टप्पा. तेवढं बहुतेक जण लिहून देतात. तज्ज्ञ मिळालाच नाही तरी दार बंद होत नाही. हैदराबादच्या व्ही. किशन राव यांच्या पत्नीवर मलेरिया सोडून टायफॉइडचे उपचार झाले आणि त्या गेल्या. त्या खटल्यात 2010 साली सुप्रीम कोर्टानं सांगितलं की प्रत्येक केसमध्ये तज्ज्ञाचं मत लागतंच असं नाही, चूक उघड दिसत असेल तर कागदच पुरे.

कागद मात्र हवेत. केसपेपर, तपासण्या, औषधांच्या नोंदी यांच्या प्रती मागितल्यावर 72 तासांत द्याव्यात असा डॉक्टरांच्या आचारसंहितेचा नियम आहे, आणि नोंदी तीन वर्षं जपायच्या असतात. अर्ज रजिस्टर पोस्टानं करा, पोचपावती जपा. तोंडी मागायला जाऊन भांडू नका. आमचा धाकटा भाऊ आवाज चढवून आला आणि दुसऱ्या दिवसापासून "रजिस्टर सापडत नाही" सुरू झालं.

आता बेळगाव की कोल्हापूर. 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा जुलै 2020 पासून लागू झाला, त्यात तक्रारदार जिथं राहतो तिथंही तक्रार करता येते. म्हणजे डॉक्टर महाराष्ट्रातला असला तरी तुम्ही बेळगावच्या जिल्हा आयोगात जाऊ शकता. पण मी तुमच्या जागी असतो तर कोल्हापूरच धरलं असतं. सीमाभागातल्या माणसानं हे सांगावं याचं मलाच हसू येतं, पण निपाणीहून कोल्हापूर जवळ, आणि तुमच्या मराठी चिठ्ठ्या तिथं वाचता येतात. आमच्या केसमध्ये एकेका चिठ्ठीचा इंग्रजी अनुवाद करून जोडताना बेळगावच्या कोर्टाच्या आवारात किती खेटे झाले ते विचारू नका. ऑनलाइन दाखल करायची सोय आता दोन्हीकडे आहे. तारखांना मात्र कधी ना कधी जावं लागतंच.

कोणत्या पातळीवर जायचं ते तुम्ही दवाखान्याला दिलेल्या रकमेवरून ठरतं, मागितलेल्या भरपाईवरून नाही. 50 लाखांपर्यंत जिल्हा आयोग, म्हणजे तुमचं काम तिथंच. दिलेली रक्कम पाच लाखांच्या आत असेल तर फी शून्य. वकील सक्तीचा नाही, पण वैद्यकीय केसमध्ये लावा. आईच्या नावानं तक्रार करायची झाली तर महिलांना उत्पन्न न बघता जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट वकील मिळतो, फोन 15100. पूर्णपणे मोफत सरकारी दवाखाना असता तर ग्राहक आयोग लागू झाला नसता, दिवाणी कोर्टात जावं लागलं असतं. तुम्ही पैसे दिलेत, तेव्हा तो प्रश्न नाही. बिलं शोधा.

मुदत दोन वर्षं. कॅन्सर कळला त्या दिवसापासून मोजावी असा युक्तिवाद करता येतो, पण त्यावर विसंबू नका. गोव्यातल्या एका परिचारिकेच्या पोटात ऑपरेशनवेळी कापड राहिलं होतं, ते नऊ वर्षांनी सापडलं. इतकी वर्षं दुखत असताना तपास का केला नाही, म्हणून 2010 मध्ये सुप्रीम कोर्टानं तिची तक्रार मुदतबाह्य ठरवली. तुम्ही पहिली गोळी दिली त्या तारखेपासून दोन वर्षं धरून चाला.

मेडिकल कौन्सिलकडे वेगळी तक्रार होते. डॉक्टर महाराष्ट्रातले, म्हणून महाराष्ट्राच्या कौन्सिलकडे. ते नाव रजिस्टरवरून काही काळ काढू शकतात, पैसे देत नाहीत. पोलिसांत जायचा सल्ला कुणी देईल, तिथं मला फारसा अर्थ दिसत नाही. फौजदारी गुन्ह्याला हलगर्जीपणा फार ढोबळ असावा लागतो आणि आधी स्वतंत्र वैद्यकीय मत घ्यावं लागतं.

डॉक्टरांची पदवी मात्र बघून घ्या. आमच्या केसचा निकाल त्यावरच फिरला. ते होमिओपॅथीचे होते आणि ॲलोपॅथीची इंजेक्शनं देत होते. 1996 च्या पूनम वर्मा खटल्यात सुप्रीम कोर्टानं हाच प्रकार मुळातच हलगर्जीपणा ठरवलाय. चिठ्ठ्या कमी पडल्या तिथं पदवीनं हात दिला. वहिनीला दीड लाख मिळाले, मागितले होते आठ.

आणि तो आठ महिन्यांपूर्वीचा एक्स-रे. मूळ फिल्म कुणालाही देऊ नका, अगदी वकिलालाही नको. मोबाइलवर फोटो काढा, फिल्म कपाटात ठेवा.