सोमवारी रडणारा मुलगा

“लेकरू पहिल्यांदाच घर सोडून गेलंय. फोन केला की रडतं. परत घेऊन येऊ का?”

हा प्रश्न मला गेली कित्येक वर्षं येतोय. लातूरहून पुण्याच्या होस्टेलवर, जळगावहून कोटाला, ठाण्याहून जर्मनीला मूल पाठवलेले आईबाप विचारतात. मी अमेरिकेत युटा राज्यात समुपदेशन करते, तिथले आईबापही हेच विचारतात. नुसतं ‘हो, आणा’ किंवा ‘नको, राहू दे’ असं उत्तर मी देत नाही. का देत नाही, ते सांगायला इथल्याच एका घराची हकीगत सांगते. त्या आईच्या परवानगीने लिहितेय, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

युटातलं सॉल्ट लेक सिटी म्हणजे मॉर्मन लोकांचं मुख्य ठाणं. ‘मॉर्मन’ हे बाहेरच्यांच्या तोंडी रुळलेलं नाव. ते स्वतः आता ‘चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स’ असं पूर्ण नाव घेतात. या समाजातले मुलगे 18 वर्षांचे झाले की दोन वर्षांसाठी मिशनवर, म्हणजे धर्मप्रचाराला जातात. मुली जातात त्या दीड वर्षासाठी. पगार नसतोच, उलट अमेरिकेतल्या घरांनी दरमहा 500 डॉलरच्या आसपास भरायचे असतात. कुठे जायचं ते चर्च ठरवतं. एका वेळी 70 हजारांहून अधिक मुलंमुली अशी जगभर असतात. मी त्यांच्या धर्माची नाही आणि तो बरा की वाईट हे ठरवायला माझ्याकडे कोणी येत नाही. माझ्याकडे येतात त्या आया.

या आईचा मुलगा 19 वर्षांचा. त्याला ब्राझीलच्या ईशान्येचं रेसिफे शहर मिळालं होतं. दीड महिना पोर्तुगीजचं प्रशिक्षण घेऊन तो तिकडे पोचला आणि दुसऱ्याच आठवड्यापासून सोमवारी व्हिडिओ कॉलवर रडायला लागला. सोमवार हा त्यांचा तयारीचा दिवस, मुलं त्याला ‘पी-डे’ म्हणतात. कपडे धुणं, बाजार, केस कापणं आणि घरी फोन, सगळं त्याच दिवशी. “मंगळवार उजाडला की मी पुढच्या सोमवारची धास्ती घेते,” त्या म्हणाल्या. “नवरा म्हणतो, सगळे रडतात, होईल ठीक. मला झोप लागत नाही. सांगा ना, आणू का त्याला परत?”

पहिल्या भेटीत माझी चूक झाली. मी पुरेसं विचारलंच नाही. वेंगुर्ल्याहून पुण्याला होस्टेलवर गेले तेव्हाची मी मला आठवले. एसटीडी बूथवरून आईशी जितका वेळ बोलायचे, तितकी रात्र जास्त रडण्यात जायची. तेच मनात धरून मी त्यांना सांगितलं, फोन 20 मिनिटांत आटपा, हसतमुख राहा, विषय हलके ठेवा. त्यांनी तसं केलं. दोन दिवसांनी मुलाचा ईमेल आला: “आई, तू माझ्यावर नाराज आहेस का? मी परत नाही रडणार.” तो ईमेल त्यांनी मला दाखवला तेव्हा मला फार वाईट वाटलं. माझ्या आठवणीवरून त्यांच्या मुलाला औषध दिलं होतं मी. त्यांची मी माफी मागितली आणि पहिल्यापासून सुरुवात केली.

या वेळी विचारलं, “मंगळवारी तो काय करतो?”

त्या गप्प झाल्या. “सकाळी साडेसहाला उठतात, रात्री साडेदहाला दिवे बंद. नियम आहे तो.”

“नियम झाला. तो काय करतो?”

त्यांना सांगता येईना. बुधवारचंही नाही, शनिवारचंही नाही. मुलाच्या आठवड्यातला एकच तास त्यांच्या ओळखीचा होता, त्या तासात तो रडत होता, आणि त्या एका तासावरून उरलेले सगळे तास त्यांनी मनात रंगवले होते. दिवसरात्र रडणारा मुलगा डोळ्यांसमोर ठेवून कुठल्या आईला झोप लागेल?

मग त्यांनी मुलाला लिहिलं, रोज रात्री दोन ओळी वहीत टिपून ठेव आणि सोमवारी पाठव, चांगलं-वाईट काही गाळू नकोस. शिवाय एक गोष्ट त्याच्याकडे आधीच होती. त्यांचं चर्च नव्या मिशनऱ्यांना मनावरच्या ताणाविषयी एक पुस्तिका देतं, तीत ताणाच्या चार पायऱ्यांना हिरवा, पिवळा, केशरी, लाल असे रंग दिलेत. मला ती मनापासून आवडते. ‘बरा आहेस ना?’ याला पोरं ‘हो’च म्हणतात, रंग विचारला की विचार करून सांगतात. त्याला सांगितलं, प्रत्येक दिवसापुढे रंग लिही.

आलेला आठवडा असा होता.

मंगळवार, हिरवा. आसपासचे पाच-सहा मिशनरी एकत्र बसले. एकजण इडाहोचा निघाला, त्याच्याशी पोटभर इंग्रजी बोललो. बुधवार, हिरवा. एका कुटुंबाच्या घराचं बांधकाम चाललंय, तिथे विटा आणि वाळू वाहिली. हात सोलवटले. गुरुवार, पिवळा. एका म्हाताऱ्या बाईंनी आग्रहाने कॉफी दिली. (या लोकांना चहा-कॉफी वर्ज्य आहे.) नको म्हणालो, पण नीट शब्द सुचले नाहीत, त्यांचा चेहरा पडला. रात्रभर तोच चेहरा दिसला. शुक्रवार, पिवळा. कंपॅनियनशी भांडण. शनिवार, केशरी. तिघांनी भेटायला बोलावलं होतं, तिघंही घरी नव्हते. पाऊस. बूट ओले. रविवार, हिरवा. प्रार्थना म्हणताना चुकीचा शब्द वापरला, लहान मुलं खिदळली, मलाही हसू आलं. जेवायला एका घरी भात आणि राजम्यासारखी उसळ. सोमवार, केशरी.

पत्र वाचताना त्या आई मध्येच थांबून म्हणाल्या, “तो हसला म्हणे रविवारी!” आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

कंपॅनियनविषयी थोडं सांगायला हवं. मिशनरी कायम जोडीने राहतात. अंघोळ-संडास सोडलं तर एकमेकांच्या नजरेआड व्हायचं नाही, झोपायचंही एकाच खोलीत. जोडीदार आपण निवडायचा नाही. दर सहा आठवड्यांनी ‘ट्रान्स्फर’ असते, तेव्हा जोडी किंवा गाव बदलू शकतं. या मुलाचा जोडीदार ब्राझीलचाच, भरभर बोलणारा. म्हणजे चोवीस तास सोबत आहे आणि मनातलं बोलायला कोणी नाही. होस्टेलवरच्या आपल्या मुलांचंही पुष्कळदा हेच असतं. खोलीत तिघं असतात, म्हणून आपण समजतो मूल एकटं नाही.

पण सोमवारचं कोडं उरलंच. काम नाही, पाऊस नाही, नकार नाही, तरी केशरी का?

उत्तर त्या आईंनाच सापडलं, बोलता बोलता. मिशनवर पहिलं नाव वापरत नाहीत. छातीवर काळी पट्टी, तिच्यावर ‘एल्डर’ आणि आडनाव. एल्डर म्हणजे वडीलधारा. 19 वर्षांचं पोर आठवडाभर सगळ्यांसाठी वडीलधारं असतं, जोडीदारही त्याला तसंच हाक मारतो. “आणि सोमवारी मी त्याला त्याच्या घरच्या नावाने हाक मारते,” त्या म्हणाल्या. “ती ऐकली की त्याचा चेहरा बदलतो.”

आठवडाभर आवरून धरलेलं मन त्या एका हाकेने मोकळं होत होतं. ते रडणं रोगाचं लक्षण नव्हतं. उलट रडायला त्याला एक सुरक्षित जागा होती, आणि ती मी 20 मिनिटांवर आणून ठेवली होती. मी सांगितलं, हवं तेवढं बोला, रडू द्या. फक्त फोन दिवसाच्या शेवटी नको, सकाळी करा. संध्याकाळी सहाला त्यांची सुट्टी संपते. रडून लगेच लोकांच्या दारात उभं राहायचं म्हणजे फार झालं. फोननंतर त्याने दुसऱ्या मिशनऱ्यांबरोबर फुटबॉल खेळायचं ठरलं.

आणखी एक गाठ होती. विमानतळावर त्यांनी मुलाच्या कानात सांगितलं होतं, “नाही आवडलं तर नुसतं सांग, त्या दिवशी तिकीट काढते.” मायेनेच म्हणाल्या. घरच्या ओढीचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ क्रिस्टोफर थर्बर उन्हाळी शिबिरांना मुलं पाठवणाऱ्या पालकांना नेमकं हेच वचन देऊ नका म्हणून सांगतात. माझाही अनुभव तोच. असं वचन घेऊन गेलेलं मूल सामान मनातून कधी उतरवतच नाही. मिशनऱ्यांच्या बोलीत अशा मुलाला ‘ट्रंकी’ म्हणतात, मनाने ट्रंक भरून बसलेला. आपल्याकडे होस्टेलवर पत्र्याची ट्रंक घेऊन गेलेल्यांना हा शब्द समजावून सांगायला नको. प्रत्येक वाईट संध्याकाळी त्याला नव्याने ठरवावं लागतं, राहू की जाऊ. त्याऐवजी त्यांनी सांगितलं, “सध्या पुढच्या ट्रान्स्फरपर्यंतच बघ. तेव्हा आपण तिघं मिळून बोलू. त्याआधी लाल दिवस आला तर मात्र सोमवारची वाट बघायची नाही. तिथल्या मिशनच्या प्रमुखांना लगेच सांगायचं, ते आम्हाला कळवतील.”

तिघं म्हणाल्या, कारण तोवर वडीलही यायला लागले होते. त्यांच्या काळात मिशनवरून घरी फोन वर्षातून दोनदाच, नाताळला आणि मातृदिनाला. दर आठवड्याला फोनची मुभा 2019 च्या फेब्रुवारीत मिळाली. त्यांच्या काळी एरवी पत्रंच. माझ्या सांगण्यावरून त्यांनी आपली जुनी पत्रं काढली. पानापानावर ‘मजेत आहे’. त्यांनी ती बाजूला ठेवली आणि म्हणाले, “मी तिसऱ्या महिन्यात परत यायला निघालो होतो. बॅग भरली होती. कोणालाच सांगितलं नाही आजवर.” बायकोलाही ठाऊक नव्हतं. पुढच्या सोमवारी त्यांनी ते मुलाला सांगितलं. त्या फोनवर काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही.

आता दुसरी बाजू, कारण ती सांगितल्याशिवाय ही गोष्ट वाचणं धोक्याचं होईल. त्याच वर्षी माझ्याकडे आलेला दुसरा मुलगा पाचव्या महिन्यात परत आला, आणि त्याने यायलाच हवं होतं. त्याचा एकही दिवस हिरवा नव्हता. तीन-तीन रात्री झोप नाही, जेवण तुटलेलं, अंगाला कापरं सुटायचं, आणि एकदा तो ‘सकाळी जाग आली नाही तर बरं’ असं बोलून गेला. लवकर परतलेल्या मुलाकडे इथे लोक वेगळ्या नजरेने बघतात, त्या भीतीने आईबाप पाच आठवडे थांबले होते. ते थांबणं मला आजही सलतं. उपचारांनंतर त्याने घरी राहूनच सेवा करायचं मिशन घेतलं. त्यांच्याकडे तशी सोय आहे.

म्हणून मी पालकांना सांगते, रडण्याकडे बघून ठरवू नका, आठवड्याकडे बघा. झोप, जेवण, अंघोळ चाललीय का? आठवड्यात एखादी तरी गोष्ट त्याला आवडली का? कोणाचं नाव बोलण्यात येतं का? रडून झाल्यावर ते कामाला लागतं की तिथेच बसून राहतं? दोन आठवडे सगळेच दिवस सारखे काळे असतील तर मुलाला भेटायला जा आणि डॉक्टरांना दाखवा. मरणाचा विषय एकदा जरी निघाला तर दोन आठवडेसुद्धा थांबू नका, त्याच दिवशी निघा. भारतात टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा 14416 हा क्रमांक चोवीस तास चालतो, मराठीतही बोलता येतं. फी भरली, नातेवाईक काय म्हणतील, हा हिशेब त्या दिवशी करायचा नाही.

रेसिफेचा मुलगा राहिला. सरसकट हिरवा झाला नाही. अकराव्या आठवड्यात जोडीदार बदलला, तेव्हा परत तीन दिवस केशरी लिहिले होते. मधल्या काळात तो त्या कॉफीवाल्या म्हाताऱ्या बाईंकडे मुद्दाम पुन्हा गेला, नीट शब्द पाठ करून. पुढच्या खेपेला त्यांनी त्याच्यासाठी काजूच्या फळाचा रस करून ठेवला होता. काजू मूळचा तिकडचाच, पोर्तुगीजांनी तो गोव्यात आणला आणि तिकडचं ‘काझू’ आपल्या तोंडी काजू झालं. हे मी सांगितलं तेव्हा त्या आई खुर्चीत पुढे सरकून बसल्या.

“त्याने लिहिलंय, पांढऱ्या शर्टावर रस सांडला, डाग निघत नाहीये. हे फळ लागतं तरी कसं?”

मी त्यांना आमच्या वेंगुर्ल्याच्या बोंडूविषयी सांगितलं. गोड असतं पण तुरट, मीठ लावून खातात, जास्त खाल्लं तर घसा खवखवतो. आणि तो डाग निघत नाही, माझ्या आईने सगळं करून बघितलं होतं.

“घसा खवखवतो?” त्यांनी पर्समधून वही काढून टिपून घेतलं. “सोमवारी विचारते त्याला.”