अफरातफर, अपहार की न्यासभंग?

फोंड्याहून एका वाचकाने विचारलं आहे: देवळाच्या खजिनदाराने जत्रेची जमा स्वतःच्या धंद्यात फिरवली. एका वर्तमानपत्रात ‘अफरातफर’ आलं, दुसऱ्यात ‘विश्वासघात’, वकिलाच्या कागदावर ‘फौजदारीपात्र न्यासभंग’. हे एकच का?

गुन्हा एकच. पण ‘विश्वासघात’ आधी बाजूला काढू, तो फार ऐसपैस आहे. मित्र विश्वासघात करतो, पक्ष बदलणारा आमदारही करतो (गोव्यात उदाहरणं शोधायला लागत नाहीत), आणि त्यांना कोणी तुरुंगात घालत नाही. पोर्तुगीज कायद्यात मात्र या गुन्ह्याचं नाव ‘आबूझु द कोंफियांस’, म्हणजे विश्वासाचा गैरवापर असंच होतं.

‘न्यास’ म्हणजे दुसऱ्याकडे सोपवलेली वस्तू. मनुस्मृतीतल्या अठरा व्यवहारपदांत, म्हणजे दाव्यांच्या प्रकारांत, दुसरंच ‘निक्षेप’ (ठेव) आहे, ते याच जातीचं. आज न्यास म्हटलं की डोळ्यांपुढे विश्वस्तांची पाटी येते, म्हणून न्यासभंग वाचून एखादी संस्था बरखास्त झाली असं वाटतं. शब्द अचूक आहे, बिचाऱ्याचं नशीब वाईट. अरबी ‘अमानत’चा अर्थही तोच, मराठीत अक्षरांची अदलाबदल होऊन ती ‘अनामत’ झाली आणि निवडणुकीत जप्त होऊ लागली.

पाटल्या उजळायला सोनाराकडे दिल्यात. त्याने त्या गहाण टाकल्या. ही चोरी नव्हे, कारण तुम्हीच हातात दिल्यात. घेतानाच त्याच्या मनात पाप असतं तर फसवणूक झाली असती. पाप नंतर शिरलं, म्हणून न्यासभंग. कुंपणाने शेत खाल्लं, तेही आपणच घातलेल्या कुंपणाने.

आता ‘अफरातफर’. मूळ अरबी इफ्रात-तफ्रीत, म्हणजे अती आणि उणं. मराठीत त्याचा अर्थ पैसे खाणं असा रुळला; हिंदीत गोंधळ. म्हणून ‘बसस्टँडवर अफरातफरी माजली’ हे मराठी नव्हे.

खरी गंमत पुढे आहे. अफरातफर म्हटलं की हिशेबात तूट आली असं आपण धरून चालतो. तुमचा खजिनदार म्हणेल, ‘चार दिवस वापरले, परत ठेवले, वही जुळते मरे!’ वही जुळेलही. पण लबाडीने, तात्पुरता का होईना, स्वतःसाठी वापर केला तर कायद्याच्या लेखी तो अपहारच. पूर्वी भारतीय दंड संहितेचं कलम ४०५ आणि ४०६ लागायचं, शिक्षा तीन वर्षांपर्यंत. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं ३१६, साधारण प्रकरणात पाच वर्षांपर्यंत.

मी बातमी लिहिली असती तर ‘सोपवलेल्या पैशांचा अपहार’ असं लिहिलं असतं. ‘अफरातफर’ वहीत खड्डा सापडेल त्या दिवसासाठी ठेवली असती.